मला उचललं तेव्हा

जालन्यात माझ्या घरी अधूनमधून अनोळखी माणसं येतात. बहुधा कुणाची तरी बायको असते, कधी वडील. घरातला कर्ता माणूस मोटारसायकलवरून पडलेला असतो, नाहीतर ट्रॉलीखाली सापडलेला, आणि दवाखान्यातून 'मणक्याला मार आहे' एवढंच ऐकून ते बाहेर पडलेले असतात. कुणीतरी त्यांना माझा पत्ता देतं. ते दारात उभे राहून आधी माझ्या पायांकडे बघतात, पायांना बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांकडे बघतात आणि विचारतात, "तुम्ही चालता, मंग आमचा बी चालंल ना?"

याला मला हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. म्हणून माझं जे झालं ते लिहून काढते आहे. यात औषधांची नावं नाहीत. ती डॉक्टर सांगतील. डॉक्टर जे सांगत नाहीत, ते यात आहे.

माझं काम

मी मूळची कुंभार पिंपळगावची, शेतकऱ्याच्या घरातली. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि पुढे सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधनाला लागले. नव्वदच्या दशकात आमच्या संस्थेनं जिल्ह्यातल्या रस्त्यांवरच्या अपघातांचा अभ्यास हाती घेतला होता. अपघात झाला की काही दिवसांनी मी त्या घरी जायची. जखमी माणूस असला तर त्याच्याजवळ, नसला तर त्याच्या माणसांजवळ बसायची. कुठं झालं, कसं झालं, कुणी उचललं, कोणत्या गाडीतून नेलं, ते विचारायची.

लोकांना नवल वाटायचं. हिवतापाची बाई घरी येते, लसीची येते, पण अपघाताची बाई? "ते तर पोलिसाचं काम हाय," म्हणायचे. आणि शेवटी जवळपास प्रत्येक घरात एकच वाक्य यायचं, "त्याची वेळ आल्ती."

दुःखातल्या माणसाशी वाद घालू नये, म्हणून मी तिथं गप्प बसायची. पण गावातल्या बैठकीत बोलायची. म्हणायची, देवी यायच्या तेव्हासुद्धा लोक वेळच म्हणायचे, मग लस आली आणि ती वेळ यायची थांबली. उसाच्या गाडीला मागं चमकणारी पट्टी नसते, ट्रॉलीला लाल दिवा नसतो. ट्रक बंद पडला की चालक त्याच्याभोवती दगड मांडतो आणि ट्रक दुरुस्त झाल्यावर दगड तिथंच सोडून निघून जातो. यात वेळ कुठं आली? हे सगळं माणसांनी केलेलं आहे, माणसांना बदलता येईल. हे मी मनापासून बोलायची. अजूनही बोलते.

शहागडजवळ

उन्हाळा होता. शहागडच्या एका घरी जाऊन आम्ही जालन्याकडे परत निघालो होतो. दिवस मावळला होता, पण उजेड पुरता गेला नव्हता. जीप युसूफभाई चालवत होते. आमच्या संस्थेत ते माझ्या आधीपासून होते आणि इतकं जपून चालवायचे की बाकीचे त्यांची चेष्टा करायचे.

दगड त्यांना उशिरा दिसले. ट्रक तिथून कधीच निघून गेलेला होता, दगड रस्त्याच्या मधोमध होते. युसूफभाईंनी गाडी उजवीकडे घेतली, समोरून मोठी गाडी आली, त्यांनी परत डावीकडे ओढली. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. जीप कलंडताना काचेत आभाळ दिसलं. मग मी रस्त्यावर उताणी पडलेली होते.

एक गोष्ट मात्र अगदी लख्ख आठवते. माझ्या डाव्या पायातली चप्पल निघून गेली होती आणि डांबर दिवसभराच्या उन्हानं तापलेलं होतं. टाच भाजत होती. मी पाय थोडा बाजूला सरकवला. तिथंही भाजायला लागलं, म्हणून परत सरकवला.

आजूबाजूच्या दुकानांतून माणसं धावत आली. सगळ्यात पुढं जो होता त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "घाबरू नका बाई. आमी हाव ना."

मला बोलता येत होतं. निदान मला तसं वाटत होतं. मी म्हणाले, "मला वाकवू नका. फळी आणा. दार आणा, दार." आवाज किती निघाला कोण जाणे. दोन्हीकडून गाड्या येत होत्या, कुणीतरी हात हलवून त्यांना थोपवत होतं, आणि सगळे ओरडत होते, "जल्दी उचला, जल्दी!" काळ्या हातांच्या माणसानं मला काखेत धरलं, दुसऱ्या कुणीतरी गुडघ्याखाली. त्यांनी मला उचललं आणि मी कमरेत दुमडले, जसं अर्धं भरलेलं पोतं दुमडतं तशी.

कळ आली आणि मध्येच तुटली. एखादा माणूस बोलता बोलता गप्प व्हावा तशी.

मला एका जीपच्या मागच्या सीटवर पाय मुडपून घातलं. डोकं त्या माणसाच्या मांडीवर होतं. कपाळातून रक्त येत होतं ते तो आपल्या सदऱ्यानं पुसत होता आणि सारखा बोलत होता. नाव काय, गाव कोणतं, लेकरं किती, झोपू नका, बोला माझ्याशी. मी बोलत होते आणि मनातल्या मनात टाच शोधत होते. ती भाजत नव्हती. ती नव्हतीच.

युसूफभाई स्टिअरिंगपाशीच गेले होते. ते मला पुष्कळ उशिरा सांगितलं.

टाचणी

निदान म्हणजे डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं खुर्ची ओढून बसतात आणि काहीतरी सांगतात, असं मला वाटायचं. माझं निदान एका टाचणीनं झालं.

औरंगाबादच्या एका मोठ्या रुग्णालयात होते. माझा नवरा विलास कॉटच्या उशाशी उभा होता. तो जालन्याला कॉलेजात शिकवतो, आणि अवघड प्रसंगी चष्मा पुसत राहायची त्याला सवय आहे. एक तरुण डॉक्टर पायथ्याशी आले आणि म्हणाले, "टोचलं की सांगा."

मी वाट बघत होते. छताचा रंग एका कोपऱ्यात उडाला होता, तिकडं बघत होते. बराच वेळ झाला तेव्हा मी म्हणाले, "करा ना सुरू."

 डॉक्टरांनी विलासकडं पाहिलं. मी मान थोडी उचलली तेव्हा मला दिसलं, त्यांचा हात माझ्या मांडीपर्यंत पोचला होता. त्यांनी कधीच सुरू केलं होतं.

विलासनं चष्मा काढला.

नंतर मोठे सर्जन आले. म्हणाले, मज्जारज्जूला मार आहे, ऑपरेशन करून मणका पक्का करू, पण जाणीव किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. मी त्यांना एकच विचारलं, "मार कधी बसला असेल? पडले तेव्हा, की नंतर?"

"ते कुणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, यानं मला बरं वाटेल.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. पुढचे काही महिने मी मुख्यतः एक वजन होते, जे सारखं कुशीवर करावं लागायचं. ज्या अंगाला कळत नाही ते अंग कुजतं, हे मी कामामुळे ऐकून होते. आता माझ्या माकडहाडापाशी जखम झाली आणि ती मला वासावरून कळली. आधी वाटलं, शेजारच्या कॉटवरून येतोय.

लघवीला नळी होती. पोट साफ करायचं काम आई करायची. ती गावाकडून आली ती माझ्या कॉटखाली सतरंजी टाकून राहिली. शेतात राबलेली बाई, हातात बळ होतं. मला एकटीनं वळवायची. तोंडावर पदर न घेता, नाक न मुरडता सगळं करायची. मी लहानपणीसुद्धा आईसमोर कपडे बदलायला लाजायची. ती लाज वॉर्डात गेली. पहिले काही दिवस मी डोळे मिटून घ्यायची, म्हणजे निदान मला तरी दिसू नये.

एकदा पाठ पुसता पुसता आई म्हणाली, "वेळ आल्ती गं माय तुझी. वेळच वाईट व्हती."

मी किंचाळले. "वेळ नव्हती! दगड होते!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. आईनं ओला कपडा पिळला, त्याची घडी घातली, परत उलगडला आणि पाठ पुसायला लागली. पुसून झाल्यावर म्हणाली, "बरं, दगड व्हते. मंग आता गप पड."

ज्यांना हे भोगावं लागतंय त्यांना मी खोटा धीर देणार नाही. त्या दिवसांत मला मरावंसं वाटलं होतं, एकदा नाही, अनेकदा. आणि ते करायलासुद्धा दुसऱ्याची मदत लागली असती, याचा राग यायचा. हे कुणाजवळ तरी बोला. मी बोलले नाही, आणि ते आतल्या आत वाढत गेलं.

बरं वाटावं असंही थोडं घडलं. युसूफभाईंची बायको जैनब भाबी आली. मला तोंड दाखवायला जागा नव्हती, तिचा नवरा गेला आणि मी राहिले. ती कॉटवर बसली. माझ्या केसांची जट झाली होती, तिकडं बघत राहिली. मग पिशवीतून स्वतःचा कंगवा काढला आणि माझं डोकं मांडीवर घेऊन जट सोडवायला लागली. दुपारभर तेच करत होती. जाताना म्हणाली, "वो आपके बारे में हमेशा बोलते थे." एवढंच. डोक्याला जाणीव होती. कंगव्याचा एकेक दात मला कळत होता.

कचरूभाऊ

ज्याचे हात काळे होते तो माणूस मला भेटायला आला. कचरूभाऊ, शहागडच्या अलीकडं हमरस्त्यावर त्यांचं टायर पंक्चरचं दुकान. धुवट पांढरे कपडे घातले होते, डोक्याला टोपी, हातात केळी. नखांच्या कडा मात्र काळ्याच होत्या. कॉटच्या पायथ्याशी अवघडून उभे राहिले.

"वळखलं का बाई?"

"आवाज ओळखला," मी म्हणाले.

ते इतके खूश झाले की विलासकडं वळून सांगायलाच लागले. कसे पळत गेले, कशा गाड्या थोपवल्या, जीपवाला न्यायला तयार नव्हता त्याला कसं दमात घेतलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "बराबर केलं ना आमी?"

विलास खाली वाकला आणि त्यांच्या पाया पडला. कॉलेजातला प्राध्यापक, सगळ्या वॉर्डादेखत. "तुम्ही होतात म्हणून ही आहे," तो म्हणाला. कचरूभाऊ लाजून मागं सरकले.

मी म्हणाले, "तुम्ही आणलंत म्हणून मी जिवंत आहे." हे अगदी खरं होतं. त्या रस्त्यावर आणखी थोडा वेळ पडून राहिले असते तर कुठल्या तरी गाडीनं मला चिरडलं असतं. ते समाधानानं गेले. मी केळं खाल्लं नाही.

टाचेचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. विलासला सांगितलं ते पुष्कळ पुढं, मला पट्ट्या बांधून उभं करायचे प्रयत्न सुरू होते तेव्हा. मी दोन दांड्यांच्या मध्ये लटकलेली होते, घामानं भिजलेली, आणि तोंडातून निघून गेलं. "मी रस्त्यावर पाय हलवला होता, विलास. उचलायच्या आधी."

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मी त्याच्या पाया पडलो, शोभा."

"हो."

"मी जाऊन सांगणार आहे त्याला. त्याला कळलं पाहिजे."

"त्याला कुणी शिकवलं होतं का? तुला तरी माहीत होतं?"

तो बाहेर गेला. त्यानंतर किती तरी दिवस तो मला वळवायचा, पट्ट्या बांधायचा, नळी बदलायचा, पण बोलायचा नाही. माझ्यावर रागावला नव्हता. त्याच्याजवळ राग होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. आजारी माणसाच्या घरात असा राग असतो. तो कुणाचाच नसतो आणि सगळ्यांना लागतो.

घर

घरी आले ती चाकाच्या खुर्चीत. उंबरा उंच होता. संडास अंगणापलीकडं होता. ज्या घरात मी उड्या मारत फिरायची, तिथं प्रत्येक वस्तू माझ्या हातापासून थोडी लांब ठेवलेली होती.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा प्राथमिक शाळेत होती. खुर्चीला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीला ती भ्यायची. माझ्याजवळ यायची ती दुसऱ्या बाजूनं. एकदा तिच्या बाई घरी आल्या आणि मला बघून गोंधळल्या. मुक्तानं शाळेत सांगितलं होतं की आई खूप लांब गावाला गेली आहे. मी तिला रागावले नाही. एका अर्थी ती खरंच बोलली होती.

पण पाय हलला तो तिनंच पाहिला. ती माझ्या पलंगाच्या पायथ्याशी वही मांडून गणितं सोडवत होती. एकदम म्हणाली, "आई, तू आत्ता अंगठा हलवलास?"

"नाही गं."

"परत हलवलास!"

मला काहीच कळत नव्हतं. डावा अंगठा माझ्या नकळत हलत होता. मुक्तानं त्यावर बोट ठेवलं आणि ती हाक मारत आत पळाली. विलास आला, त्यानं बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी धड बोलला. "पुन्हा कर," म्हणाला. मी करू शकले नाही. पण पुढं जमलं. डाव्या पायात बरंच बळ आलं, उजव्यात फारसं नाही. आज मी पट्ट्या लावून, कुबड्या घेऊन थोडं चालते. लघवीची जाणीव परत आली नाही, त्याची नळी मी स्वतः घालते. ज्यांना हे शिकायचं आहे त्यांना सांगते, घाण वाटते ती सुरुवातीला. नंतर दात घासल्यासारखं होतं.

शाळेत

मी कामावर परत गेले तेव्हा संस्थेत नवीन गोष्ट ठरत होती. अपघातापाशी डॉक्टर पहिल्यांदा पोचत नाही. चहावाला पोचतो, पंक्चरवाला पोचतो, जीपवाला पोचतो. तर हमरस्त्यावरच्या या लोकांना, जखमी माणसाला कसं उचलायचं ते शिकवायचं. पहिलं गाव शहागड धरलं होतं.

विलास म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

मलाही तसंच वाटत होतं. पण हे बोलायला माझ्यापेक्षा योग्य माणूस संस्थेत नव्हता, तेही मला कळत होतं. मी गेले. विलास बरोबर आला.

शाळेच्या वर्गात माणसं दाटीनं बसली होती. कचरूभाऊ पुढं होते. "ह्याच त्या ताई," ते शेजारच्यांना सांगत होते. "आपुनच उचलून नेल्तं." गावानं त्यांना त्याबद्दल मान दिला होता. सरपंचांनी माझ्या आधी हार त्यांच्या गळ्यात घातला.

मी बोलायला लागले. एकाला जमिनीवर झोपवलं. मान आणि पाठ एका रेषेत का ठेवायची, ते सांगितलं. मणक्याच्या आतली दोरी कशी असते, हाड मोडलेलं असताना माणूस वाकवला तर तिचं काय होतं, ते सांगितलं. घराचं काढलेलं दार, बाज, फळी, जे असेल ते शेजारी सरकवायचं आणि चौघांनी मिळून एकदम, न वाकवता त्यावर घ्यायचं. माणसं उत्साहानं करून बघत होती. मी कचरूभाऊंकडं बघायचं टाळत होते. तरी एकदा नजर गेली. त्यांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला होता.

बाकीचे चहाला गेले. ते तिथंच बसून राहिले. विलास दाराशी उभा होता. मी त्याला मानेनंच बाहेर जायला सांगितलं.

"ताई," ते म्हणाले, "आमी तुमाला काखेत धरून उचलल्तं."

"हो."

"तुमी कायतरी म्हणून राह्यल्या व्हत्या. दार, दार. मला वाटलं, गाडीचं दार म्हणता. म्हणून म्या पळत जाऊन गाडीचं दार उघडून आलो."

 हे मला माहीत नव्हतं.

"तवा पाय हालत व्हते का तुमचे?"

सर्जनचं वाक्य माझ्या ओठांवर आलं. ते कुणीच सांगू शकणार नाही. मोठ्या डॉक्टरचं वाक्य होतं, कचरूभाऊंनी ते मानलं असतं. पण मी ते म्हणाले नाही, आणि काय समजायचं ते कचरूभाऊ समजले असावेत. हात जोडून म्हणाले, "ताई, म्हणा ना, वेळ आल्ती म्हणून. तुमच्या तोंडानं एकदा म्हणा."

मला म्हणायचं होतं. तो माणूस माझ्यासाठी भर रस्त्यात गाड्यांसमोर उभा राहिला होता. पण मी तेच म्हणाले असते तर त्याच्यासमोर आत्ता जे शिकवलं त्याला काय अर्थ होता? वेळच असेल तर कसंही उचला.

"टाच भाजत होती, कचरूभाऊ," मी म्हणाले. "रस्ता तापला होता. तुम्ही उचलल्यावर भाजायची थांबली."

त्यांनी मांडीवरचा हार मुठीत धरला.

"आणि तुम्ही आला नसता तर मी तिथंच मेले असते," मी म्हणाले. "दोन्ही खरं आहे. दोन्ही ऐका."

पण दुसरं त्यांनी ऐकलं नाही. ते उठले, हार बाकावर ठेवला आणि चहा न घेता निघून गेले. गाडीत बसवताना विलास माझ्या पट्ट्या नीट करत होता. "सांगितलंस?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. इतके दिवस त्याला वाटत होतं, कचरूभाऊंना हे कळलं पाहिजे. आता तो म्हणाला, "बिचारा."

मी बरोबर केलं का, ते मला आजही माहीत नाही. नंतर कळलं, त्यांनी काही दिवस दुकान उघडलंच नव्हतं.

राजूरकडं

पावसाळा उलटल्यावर एका सकाळी कचरूभाऊ जालन्याला माझ्या घरी आले. आधीपेक्षा वाळले होते. आत या म्हटलं तरी दारातच थांबले.

"एक जण पडल्ता, ताई. मोटारसायकलवाला. राजूरकडचा पोरगा, नवीन लगीन झालेला. पाठीत लागलं म्हणत व्हता. म्या दुकानाचं दार काढलं. चौघांनी बराबर उचललं. बिलकुल वाकू दिला न्हाई."

"मग?"

"औरंगाबादपस्तोर त्याच्यापाशी बसून व्हतो. म्हणलं, पाय हालव. तो हालवायचा. परत म्हणलं, हालव. परत हालवायचा." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "दवाखान्याच्या दारात गेला. पाय हालत व्हते आन् गेला."

मी विचारलं, पोट फुगलं होतं का, अंग गार पडलं होतं का. ते हो म्हणाले. मी म्हणाले, "पोटात रक्त साचलं असणार. त्याला ऑपरेशनच लागतं. तुमच्या हातात काही नव्हतं."

"बराबर उचललं व्हतं ना?"

"बरोबर उचललं होतं," मी म्हणाले. या वेळी मला विचार करावा लागला नाही.

ते तरीही उभेच. मग म्हणाले, त्याच्या घरी जाऊन यावं वाटतं, पण एकट्यानं जायची हिंमत होत नाही. काय सांगायचं तिथं? मी विलासला हाक मारली आणि गाडी बघायला सांगितली. अपघात झालेल्या घरी मी माझ्या अपघातानंतर एकदाही गेले नव्हते. नव्या मुली जायच्या. मी ऑफिसात बसायची.

राजूरला गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्यांची गर्दी होती. नारळांच्या, प्रसादाच्या दुकानांतून वाट काढत आम्ही पुढच्या वस्तीवर गेलो. घर साधं होतं, दोन खोल्यांचं. मला आत न्यायला विलासनं आणि कचरूभाऊंनी दोन्ही बाजूंनी धरलं. कचरूभाऊंनी काखेत हात घातला नाही, कोपराला धरलं.

मुलाची आई भिंतीला टेकून बसली होती. सून आतल्या दारात, डोक्यावरून पदर. मी माझं नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. म्हातारीनं माझ्या पायांकडं बघितलं.

"तू बी पडल्तीस का?"

"हो, मावशी."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "त्याला उचललं कोणी? कोणी व्हतं का त्याच्यापाशी?"

मी उत्तर देणार होते. कचरूभाऊ माझ्या आधी बोलले.

"म्या व्हतो," ते म्हणाले. "म्या उचललं."

ती भिंतीचा आधार सोडून पुढं सरकली. त्यांचे दोन्ही हात तिनं हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, तळव्यांकडं बघत राहिली. मग ते हात तिनं आपल्या तोंडाशी धरले आणि सोडले नाहीत.